शिडाचा लंगडा कोपरा

शीड उघडलं त्या संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच राहिला. पहिले तीन दांडे पूर्ण बाहेर आल्याचे आकडे पडद्यावर उमटले, तेव्हा कुणीतरी बॉक्सची दोरी सोडायलाही घेतली होती. चौथा दांडाही बाहेर आला, पण शेवटच्या हातभर अंतरात त्याच्या मोटरने भलताच करंट ओढला होता. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने नुसता हात वर केला. दोरी सोडणारा थांबला.

हा मित्र कॉलेजपासूनचा. तो मेकॅनिकलचा, मी इन्स्ट्रुमेंटेशनची. मधली काही वर्षं आम्ही वेगवेगळ्या नोकऱ्या केल्या आणि मग वागळे इस्टेटमधल्या या लहानशा कंपनीत पुन्हा एकत्र आलो. दोन गाळे जोडून केलेलं आमचं ऑफिस. एका बाजूला लेथवाले, दुसऱ्या बाजूला खोके छापणारे, वर गच्चीवर आमची अँटेना. मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा उपग्रह आणि त्यात घडी घालून बसवलेलं वर्गखोलीएवढं शीड, एवढाच आमचा पसारा. शीड ताणून धरणारे चार दांडे मित्राने बनवलेले. सुताराच्या टेपसारखे ते गुंडाळून पेटीत मावायचे आणि सोडले की ताठ उभे राहायचे. शीड उघडल्यावर उपग्रहाचा तोल राखणं माझ्याकडे होतं. आमच्या सगळ्यांच्या वर सर. आयुष्यभर उपग्रहांवर काम करून निवृत्त झालेले, नौपाड्यात राहणारे, कमी बोलणारे.

हे शीड वाऱ्याचं नव्हे, उन्हाचं. उजेड कशावर पडला की त्या वस्तूला ढकलतो, पण इतका हलका की इथे खाली आपल्याला ते कधी जाणवत नाही. मी हे काम घेतलं तेव्हा कोपरच्या आमच्या घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या ताटातले दोन दाणे उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि म्हटलं, एवढ्या मोठ्या शिडावर पडणाऱ्या सगळ्या उन्हाचा जोर या दोन दाण्यांच्या वजनाएवढा. त्यांनी हात खालीवर करून पाहिला आणि दाणे परत ताटात टाकले. एवढ्याने काय हलणार, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. मी त्यांना सांगितलं, वर अडवायला हवा नाही आणि आमची कक्षा अशी निवडलीय की उपग्रह जवळजवळ सतत उन्हात राहतो. दोन दाण्यांचा जोर महिनोन्महिने लागत राहिला की इंधनाशिवाय उपग्रह हळूहळू वर चढवता येतो.

त्या संध्याकाळी आम्हाला उपग्रह आणखी एकदा दिसणार होता. तो ठाण्यावरून जातो ती दहा-पंधरा मिनिटंच अँटेनाला त्याच्याशी बोलता येतं. याला आम्ही पास म्हणायचो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पहिला पास संपला तेव्हा चौथ्या दांड्याचं काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढचा पास येईपर्यंत मित्र गाळ्यात येरझारा घालत राहिला. मी उपग्रहाचा तोल राखणाऱ्या चाकांचे आकडे बघत बसले.

दुसऱ्या पासला फोटो उतरला. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. आधी काळं आकाश, मग काजूकतलीवरच्या वर्खासारखा चकचकीत कागद, ताणलेला, सुरेख. कुणीतरी सुस्कारा सोडला. मग खालच्या पट्ट्या आल्या. चौथा दांडा टोकाशी वाकला होता आणि तिथला शिडाचा कोपरा वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबत होता.

मित्राने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

छत्रीची एक काडी मोडली की वाऱ्यात ती हातातल्या हातात फिरायला बघते. आमच्या शिडाचं तसंच होत होतं. लोंबणाऱ्या कोपऱ्याला ऊन नीट ढकलत नव्हतं, समोरच्या कोपऱ्याला नीट ढकलत होतं, आणि सगळा उपग्रह एका अंगाला वळू पाहत होता. त्याला रोखायला उपग्रहाच्या पोटात लहान चाकं असतात. वळण्याचा जोर ती स्वतःच्या फिरण्यात घेतात आणि उपग्रह स्थिर राहतो. पण चाकाच्या वेगाला मर्यादा असते. साठलेला वेग उतरवायला आमच्याकडे तारेच्या चुंबकी गुंडाळ्या होत्या, पृथ्वीच्या चुंबकत्वाला टेकून जोर लावणाऱ्या. त्या बराचसा वेग उतरवत होत्या, पण पुरता नाही, आणि उरलेला प्रत्येक फेरीला चाकांवर साठत होता. चाकं मर्यादेला पोचली की उपग्रह भोवंडणार, त्याच्या सोलर पॅनेलची तोंडं उन्हाकडून वळणार, बॅटरी उतरणार. मग आम्ही हाका मारायच्या आणि वरून उत्तर यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. तोवर आणखी दोन पास होऊन गेले होते आणि चाकं आणखी वर गेली होती. शीड कापून टाकण्याची सोय आम्ही ठेवलेली होती. उपग्रहाला शीड एका दोऱ्याने बांधलेलं होतं. तो दोरा तारेने तापवून जाळला की शीड सुटून जाणार आणि उपग्रह वाचणार. सरांनी विचारलं, कापायचं का.

मित्र लगेच हो म्हणाला. मी नाही म्हटलं.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या उपग्रहावर एका कॉलेजच्या मुलांनी बनवलेलं मोजमापाचं यंत्र होतं. त्यांनी त्यासाठी दोन वर्षं घातली होती. शीड वाचवायच्या नादात सगळंच गेलं तर त्यांना काय सांगायचं, असं तो विचारत होता. माझं म्हणणं असं की शिडाच्या चार कोपऱ्यांशी मी चार पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. करंट दिला की पट्टी आरशासारखी चकाकते, काढला की दुधी काचेसारखी मंद होते. चकाकत्या पट्टीवरून ऊन परत उसळतं, म्हणून तिला धक्का जास्त बसतो. मंद पट्टीला कमी. लंगड्या कोपऱ्याची पट्टी चकाकवली आणि समोरची मंद ठेवली तर तोल साधेल, असं माझं गणित होतं. उन्हाने जे बिघडवलंय ते उन्हाकडूनच सावरून घ्यायचं.

सरांनी विचारलं, "वर एकदा तरी वापरल्यायस का या पट्ट्या?"

नव्हत्या वापरल्या. खोलीत दिव्याखाली वापरल्या होत्या.

सर बराच वेळ चाकांचा आलेख बघत राहिले. मग म्हणाले, चाकं सकाळपर्यंत टिकतील, आज कमांड नीट तपास आणि उद्या सकाळच्या पहिल्या पासला पाठव. दुसऱ्या पासला चाकांचा वेग कमी झालेला दिसला नाही तर तिथल्या तिथे शीड कापायचं. कापायची कमांड तयार करून हा तुझ्या शेजारी बसेल. आणि एक गोष्ट ते सावकाश म्हणाले. माझं गणित उलट पडलं, म्हणजे पट्ट्यांनी वळण थांबवण्याऐवजी वाढवलं, तर चाकं दुसऱ्या पासपर्यंत टिकणार नाहीत. मग कापायची कमांड ऐकायलाही वर कुणी उरणार नाही.

बाहेर आल्यावर मी गच्चीवर गेले. मित्र आधीच तिथे, अँटेनाच्या खांबाला पाठ लावून बसला होता. खाली लेथ चालू होतं, त्यामुळे तो बोलला ते मला जवळ जाऊनच ऐकावं लागलं.

"तू हे माझ्यासाठी करतेयस का?"

मी म्हटलं, नाही.

"माझ्यासाठी असेल तर नको करू. माझा दांडा वाकला. तो वाकला म्हणून सगळा उपग्रह जाणार असेल तर मला नाही झेपणार."

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्या दांड्याशी मला काही देणंघेणं नाही, मला ते शीड चालवायचंय. हे खरं होतं आणि नव्हतंही.  संध्याकाळच्या पासला आम्ही शेजारी बसून कामापुरतं बोललो. चाकं अजून वर गेली होती.

घरी मला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी ताटातली पोळी काढून घेतली आणि दहीभात वाढला. काय झालंय ते विचारलं नाही. मी त्यांना सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, आधी खा, मग सांग. खाल्ल्यावर मला सांगवेना. नवऱ्याने पहाटे सोडायला येईन एवढंच सांगितलं.

पहाटे आम्ही स्कूटरवरून माणकोली पुलाने निघालो. खाली खाडी काळी होती, पलीकडे भिवंडीच्या गोदामांचे दिवे. मी मनात कमांड पुन्हा पुन्हा म्हणत होते. चौथी पट्टी चालू, दुसरी बंद. चौथी चालू, दुसरी बंद. वाकलेला दांडा चौथा, म्हणून चौथी पट्टी चकाकायला हवी. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक दांड्यासमोर त्याच नंबरची पट्टी होती. हे मी इतक्यांदा तपासलं होतं की आता तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाळ्यात पोचले तर मित्र माझ्याआधी येऊन बसलेला. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत थर्मासमधला चहा पीत होते. मी कमांड उघडली. मित्र माझ्या पडद्याकडे बघत होता. आदल्या दिवसापासून त्याने माझ्या कामात लक्ष घातलं नव्हतं, घालणार नाही असंच मला वाटलेलं. तो म्हणाला, "चौथी का?"

मी म्हटलं, चौथ्या दांड्याशी चौथी पट्टी.

 तो खुर्ची ओढून जवळ आला.

"आपण शीड फिरवून बसवलेलं. आठवतंय? वायर पुरत नव्हती."

मला आठवेना. मग एकदम आठवलं. शीड आणि दांडे वेगवेगळ्या पेट्यांत होते. शेवटच्या जोडणीच्या दिवशी शिडाची पेटी दांड्यांवर बसवताना पट्ट्यांची वायर वितीभर कमी पडत होती. नवी वायर करायला वेळ नव्हता. म्हणून पेटी अर्धा फेरा फिरवून बसवली होती. तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो, सगळ्यांना ते माहीत होतं आणि नंतर सगळेच विसरलो. ड्रॉइंग तसंच राहिलं. अर्ध्या फेऱ्याने चौथ्या दांड्याशी दुसरी पट्टी आली होती आणि दुसऱ्याशी चौथी. माझी कमांड नेमकी उलटी होती.

पण हे नुसत्या आठवणीवर कसं बदलायचं? मी त्याला विचारलं, नक्की ना. तो म्हणाला, नक्की वाटतंय, पण रात्रभर झोपलो नाहीये, माझ्यावर विसंबू नको. पास सुरू व्हायला फार वेळ नव्हता. सर उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. त्या दिवशीचे फोटो कुणाकडे आहेत, असं मी विचारलं. जोडणी झाल्यावर आम्ही पांढरे झगे आणि टोप्या घालून उपग्रहाभोवती उभे राहून फोटो काढले होते. मित्राने फोन काढला. घाईत एक फोटो पुढे गेला, एक मागे. एका फोटोत मीच उपग्रहासमोर वाकून हसत होते आणि माझ्या डोक्यामागे शिडाच्या पेटीचा कोपरा दिसत होता. फोटो मोठा केला. पेटीवर दोनचा आकडा आणि त्याच्या बरोबर खाली दांड्यावर चार.

मी कमांड बदलली. दुसरी चालू, चौथी बंद. मित्राने मोठ्याने वाचली, मी पुन्हा वाचली, सरांनी वाचली. तेवढ्यात अँटेना वळू लागल्याचा आवाज छतातून आला.

उपग्रह आला. चाकं मर्यादेच्या इतकी जवळ होती की पडद्यावर तो आकडा लाल झालेला. मी कमांड पाठवली. ती पोचल्याची खूण आली. दुसऱ्या पट्टीने करंट घेतल्याचा आकडा आला, म्हणजे पट्टी जिवंत होती. ती खरंच चकाकली का, ऊन तिला ढकलतंय का, ते एवढ्या थोड्या वेळात कळणार नव्हतं. उपग्रह क्षितिजाखाली गेला आणि पडदा स्थिर झाला.

पुढचा पास येईपर्यंतचा तो काळ मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी नाश्त्याला गेलं नाही. बाहेर कंपन्यांची शटर वर जायला लागली होती, लेथवाल्यांनी मशीन पुसायला घेतलं. मित्राने कापायची कमांड दोनदा तपासली आणि माझ्या पडद्याच्या बाजूला आपल्या पडद्यावर उघडून ठेवली. मी ती बघायची नाही असं ठरवलं आणि तीच बघत राहिले. फोटोवर विश्वास होता, तरी वाटत होतं की आकडा चुकीच्या बाजूने दिसला असेल, की फोन आरशासारखा उलटा फोटो काढतो. मी मित्राला हे विचारलं. तो म्हणाला, उलटा असता तर आकडेही उलटे दिसले असते ना. मला इतकं साधं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या पासची वेळ झाली. अँटेना वळली. पडदा रिकामा होता. उपग्रह क्षितिजावर आला की काही सेकंदांत त्याचा रेडिओवरचा आवाज लागतो. आवाज लागला नाही. कुणीतरी म्हणालं, इमारतीमागे असेल अजून. मित्राचा हात कीबोर्डवर होता. मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते.

"कमांड पाठवू का?" मित्राने विचारलं. "ऐकू येत नसेल तरी त्याला पोचेल कदाचित."

"थांब," सर म्हणाले.

मग खरखर आली, तुटली, पुन्हा आली आणि आकडे पडायला लागले. आधी बॅटरी. भरलेली. म्हणजे पॅनेलचं तोंड उन्हाकडे होतं. मग तापमानं. चाकांचा आकडा नेहमी शेवटी येतो. मीच त्यांचा क्रम ठरवला होता आणि त्या क्षणी मला त्याचा पश्चात्ताप झाला. आकडा आला. लालच होता. पण मागच्या पासपेक्षा कमी होता.

 मित्राने तो मोठ्याने वाचला. मग पुढचा आला, त्याहून थोडासा कमी. मग पुढचा. दोन दाण्यांतल्या एखाद्या कणीएवढा जोर हजार किलोमीटर वर, शिडाच्या एका कोपऱ्याशी लागत होता आणि चाकं हळूहळू उतरत होती. पास संपेपर्यंत आम्ही नुसते आकडे वाचत राहिलो. मित्राने कीबोर्डवरून हात काढला तेव्हा तळव्यांचा ओला ठसा उमटला होता.

जल्लोष वगैरे झाला नाही. सर म्हणाले, संध्याकाळी पुन्हा बघू, आणि ड्रॉइंग आधी दुरुस्त करा. मी दुपारी घरी येऊन झोपले ती दिवेलागणीलाच उठले आणि संध्याकाळचा पास चुकला. तो मित्राने घेतला. मला उठवायला कुणी फोन केला नाही. चाकांचा आकडा त्याने मेसेज करून ठेवला होता. तो लाल नव्हता.

पुढे त्या शिडाने काम केलं, ठरवलं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. लंगड्या शिडाचा तोल सांभाळण्यातच पट्ट्यांचा बराच जोर जायचा आणि वळवण्यासाठी थोडा उरायचा. तरी आम्ही त्याला नुसत्या उन्हावर वळवलं, आणि कक्षा किंचित का होईना वर गेली. कॉलेजच्या मुलांना त्यांची मोजमापं मिळाली. ती मुलं एकदा गाळा बघायला आली आणि मित्राने त्यांना सुटा दांडा उघडून दाखवला. कुठे वाकला तेही दाखवलं.

त्या सकाळनंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा मी त्याला विचारलं की तू एवढा कापायच्या मागे का लागलेलास. मला वाटलं तो पुन्हा मुलांच्या यंत्राचं सांगेल. तो म्हणाला, ते होतंच. मग कप फिरवत राहिला.

"शीड राहिलं तर रोज त्याचा फोटो येणार. रोज तो कोपरा बघायचा. ते मला जमणार नाही असं वाटलं."

मला हे सुचलंच नव्हतं. गच्चीवर मी त्याच्यावर चिडले तेव्हा मला वाटलं होतं की तो फार लवकर हार मानतोय.  उपग्रहाचा फोटो त्यानंतरही येत राहिला, महिनोन्महिने, आणि मित्र तो प्रत्येक वेळी मोठा करून दांड्याचं वाकणं मोजत राहिला. त्यावरून आता नवा दांडा केलाय, आधीच्यापेक्षा जाड. तो फार जड होतोय असं माझं म्हणणं आहे आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.